दोन मात्रांची उसंत

“घुस ना!” नवरा दातांतल्या दातांत गुरकावला. तोवर घुसायची जागा निघून गेली होती.

ती माइकसमोर अर्धा श्वास घेऊन उभी होती. उरलेला अर्धा पोटावरच्या जुन्या टाक्यांपाशी अडला होता. बाळ आता रांगायला लागलं होतं, डॉक्टरांनी ‘सगळं उत्तम’ म्हणून फाइल बंद केली होती. पण श्वासाला हे कुणी कळवलं नव्हतं. मागे कीबोर्डमधला ड्रम, कीबोर्डमधली गिटार आणि कीबोर्डमधली व्हायोलिनवाली मंडळी न चुकता, न थबकता पुढे निघाली होती. तिने कडव्याचा पहिला शब्द गिळला आणि धावत्या बसचा दांडा पकडावा तसा दुसरा पकडला.

खाली हॉटेलच्या हॉलमध्ये रविवारचं दुपारचं जेवण चाललं होतं. कुणी मान वर केली नाही. एकाने टाळी वाजवली, पण ती वेटरला बोलावण्यासाठी होती.

गाणं संपलं. संपलं म्हणजे नवऱ्याने ‘एंडिंग’चं बटण दाबलं आणि यंत्राने आपणहून एक ऐटदार तुकडा वाजवून, शेवटी झांज आपटून, स्वतःचाच समारोप केला. नवऱ्याने मान झुकवून अभिवादन केलं. जणू झांज त्यानेच आपटली होती.

बँड होता तेव्हा सगळे त्याला मास्टर म्हणायचे. आता बँड उरला नव्हता, मास्टर उरला होता. ती मनातल्या मनात त्याला ‘बटणराव’ म्हणायची. तोंडावर चारचौघांत ‘अहो’, घरात दोघंच असली की ‘अरे’, आणि मनात बटणराव. तीन नावांचा एकच माणूस. त्यातलं खरं नाव कोणतं, हे तिला अलीकडेच कळायला लागलं होतं.

सासूबाई बाळाला घेऊन टेबलांच्या चादरी ठेवायच्या खोलीत बसल्या होत्या. ती आत शिरली तसं बाळाने भोकाड पसरलं.

“घे बाई, तुझ्या ठेवणीतला आवाज याने घेतलाय वाटतं,” सासूबाई म्हणाल्या. “पोटभर रडतो. कुठे श्वास अडत नाही की काही नाही.”

“त्याच्यामागे मशीन लावलेलं नाही ना, आई.”

बटणराव दारात येऊन उभा राहिला. “तुला झालंय काय? इंट्रो चार वेळा वाजवून दाखवला होता घरी. पाचव्यांदाही तसाच वाजतो तो. दगडावरची रेघ! तरी तू चुकतेस?”

“मी चुकले नाही. मला श्वास घ्यायला वेळ लागला.”

“म्हणजे तेच ना!”

तिने बाळाला पदराखाली घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. तिचं म्हणणं आणि त्याचं म्हणणं, तेच नव्हतं. पण हे ज्याला कळलं असतं तो माणूस आता लिफ्टमध्ये होता.

त्या माणसाला सगळे ढमकाका म्हणत. ड्रम वाजवायचे. दिसायला किरकोळ, ड्रममागे बसले की फक्त टक्कल आणि दोन मनगटं दिसायची. फार मोठे वादक होते अशातला भाग नाही. जलद गाण्यात मागे पडायचे, कधीकधी काठीही सुटायची हातातून. पण ती गाताना त्यांचे डोळे तिच्या डाव्या खांद्यावर असायचे. कडव्याआधी तिचा खांदा वर जाऊन खाली येईपर्यंत काका झांजेवर काठी नुसती फिरवत ठेवायचे, गवतातून वारा जावा तशी, आणि खांदा खाली आला की ठेका धरायचे. याला बँडमध्ये ‘उसंत देणं’ म्हणत. “काका, जरा जास्त उसंत द्या हं आज, सर्दी झालीये,” असं म्हटलं की ते म्हणायचे, “घे की! मला कुठे आगगाडी पकडायचीय?” कधी उसंत एवढीशी असायची, कधी ढगभर. मोजली कुणीच नव्हती.

तिला सातवा महिना होता आणि डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं, तेव्हा बटणरावाने यंत्र आणलं. खोकं उघडताना त्याचा चेहरा असा उजळला होता, की पुढे बाळ पहिल्यांदा हातात घेताना तेवढा उजळतो का, हे तिने मुद्दाम लक्ष ठेवून पाहिलं. नाही उजळला.

“आठशे ठेके आहेत यात. आठशे! ढमकाकांना येतात किती? बारा? त्यातले चार सारखेच. आणि हे बघ, डाव्या हाताने नुसता एक स्वरमेळ धरायचा. की झालं! बेस आला, गिटार आली, ड्रम आला. पट्टी बदलायची? हे बटण. वेग? हे बटण. तुझा आवाज खाली गेला? दोन पट्ट्या उतरवल्या, कुणाला पत्ता लागणार नाही.”

“आणि तू काय करायचंस?”

“मी? मी सगळंच करतो ना!”

आयत्या बिळात नागोबा, तो फणाही बटण दाबून काढणारा. पण तेव्हा तिलाही वाटलं होतं, यंत्राला पोटदुखी नाही, उशीर नाही, रुसवेफुगवे नाहीत. एका गाडीच्या डिकीत अख्खा बँड मावतो. गरज भागली. ही गरज कुणाची, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

ढमकाकांना काढल्याचं तिला कुणी सांगितलं नाही. कळा यायच्या आधीच बाळाचे ठोके मंदावले म्हणून तिला घाईघाईने ऑपरेशनला नेत होते. स्ट्रेचर लिफ्टपाशी आलं, आणि लिफ्टमधल्या स्टुलावर, खाकी शर्टात, ढमकाका.

“काका? तुम्ही इथे?”

“हो गं. मीपण आता बटणंच दाबतो.” ते उठून उभे राहिले. वॉर्डबॉय “चला, चला” करत होता, स्ट्रेचरचं चाक फटीत अडकलं होतं. लिफ्टचं दार मिटायला लागलं, तर काकांनी त्यात आपला पाय घातला. “थांब रे. माझा पाय आहे तोवर दार कुठे जात नाही. तू श्वास घे, पोरी. मोठा घे.” तिने घेतला. त्यानंतर तसा श्वास तिला मिळालाच नव्हता.

रविवारच्या फजितीनंतर बटणराव दोन दिवस हेडफोन लावून बसला. तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्याने दोघींना समोर बसवलं, यंत्राला पेनड्राइव्ह लावला आणि बटण दाबलं.

तिचाच आवाज आला. बाळंतपणाआधीचा, कुठल्याशा जुन्या तालमीतला. भरलेला, गोल, अगदी सुरात. सासूबाईंनी बाळाचे पाय टाळीसारखे एकमेकांवर आपटले. “अगबाई, तूच की!”

ती ऐकत राहिली. काहीतरी भलतंच होतं, आणि काय ते कळेना. आवाज तिचा, शब्द तिचे, पण ही बाई कोण? ओळीमागून ओळ, ओळीमागून ओळ, भिंतीत विटा बसवाव्या तशी गात सुटली होती. मग तिच्या लक्षात आलं. ही बाई श्वासच घेत नव्हती.

“मधले श्वास कापले,” बटणराव अभिमानाने म्हणाला. “फार आवाज करायचे. आणि ढमकाका मध्ये मध्ये रेंगाळलेत ते पण काढलं. आता कसं, ठेक्यावर फिट्ट! येत्या रविवारी तुला काही त्रास नाही. उभं राहायचं, ओठ हलवायचे. दम लागला तरी बेहत्तर.”

“मी गाणार नाही?”

“अगं गाणार ना, तूच गातेयस! ऐक की!”

“मला येत्या रविवारी स्वतः गायचंय.”

“आणि परत चुकलीस तर? मॅनेजर कायमचा रविवार द्यायचं म्हणतोय. एक शेवटची संधी, बस्स. संथ गाणं तू गा. चुकलीस की त्यानंतर हीच.” त्याने पेनड्राइव्हवर बोट ठेवलं. हीच. सवतीलासुद्धा माणसं जरा चाचरत घरात आणतात.

शुक्रवारी दुपारी बटणराव आतल्या खोलीत घोरत होता. बाळाला झोप नव्हती, आणि त्यामुळे तिलाही नव्हती. ती त्याला मांडीवर घेऊन यंत्रासमोर बसली. बाळाने दोन्ही तळवे वरच्या बटणांवर आपटले; दिवे लागले, विझले, एक लाल दिवा लागून राहिला. मग त्याने डावीकडच्या पट्ट्यांवर पंजा ठेवला. ठेका सुरू झाला. बाळ दचकलं, हात वर घेतले. ठेका थांबला.

बाळाने यंत्राकडे बघितलं. परत पंजा ठेवला. ढम-टक, ढम-टक. हात उचलले. गप्प.

बाळ हसलं. सगळं अंग हलवून, दोन दातांनिशी.

मूल काही मोडून ठेवेल, याला धक्का बसेल, कुठली तार उघडी असेल, असल्या शंभर काळज्या तिच्या डोक्यात कायम दळण दळत असायच्या. त्या क्षणी दळण थांबलं. तिने वाकून लाल दिव्याखालची अक्षरं वाचली. सिंक स्टॉप. बाळाचा पंजा पट्ट्यांवर असताना ती गुणगुणायला लागली. ओळ संपली, तिने बाळाचे हात अलगद उचलले. यंत्र गप्प झालं. तिने श्वास घेतला, हवा तेवढा. टाक्यांची जागा ओढली गेली, मग सैल झाली. हात खाली ठेवले. यंत्र, आज्ञाधारक मुलासारखं, तिच्याबरोबर निघालं.

म्हणजे याला थांबता येत होतं. महिनोन् महिने ती ज्याला शिव्या घालत होती ते बिचारं यंत्र निर्दोष होतं. आठशे ठेक्यांच्या शेजारी, कोपऱ्यात, उसंतसुद्धा होती. फक्त ती द्यायला समोर बघणारं माणूस लागत होतं.

“काय केलंत? बिघडवलंत ना!” बटणराव लुंगी सावरत दारात उभा होता. त्याने पुढे येऊन डावा हात ठेवला, उचलला, आणि ठेका बंद पडल्यावर त्याचा चेहरा पांढरा पडला. “मेलं! हात काढला की बंद पडतंय! सांगितलं होतं पोराला जवळ आणू नका म्हणून!”

“बिघडलेलं नाही. हे बटण आहे. तू हात उचलशील तेव्हा ते थांबतं.” ती घाईघाईने बोलत होती. “अरे, हेच तर हवं होतं! कडव्याआधी तू हात उचल, माझा श्वास झाला की ठेव. काका करायचे तसं.”

त्याने बटण दाबून दिवा विझवला. हुश्श केलं. मग तिचं म्हणणं त्याच्यापर्यंत पोचलं असावं, कारण तो हसला. वाईट नाही हसला, गंमत वाटल्यासारखा.

“म्हणजे मी काय, सारखं तुझ्याकडे बघत बसू?”

बाळ तिच्या मांडीवर हात वर करून वाट पाहत होतं.

रविवारी हॉल भरलेला होता. कुठल्याशा कंपनीची माणसं, गळ्यात पट्टे, पट्ट्यांत फोटो; जेवतानासुद्धा स्वतःची ओळख काढून न ठेवणारी. बटणरावाने चकचकीत जाकीट घातलं होतं. दोन जलद गाणी त्याने एकट्याने उरकली. उरकली म्हणजे यंत्राने वाजवली, आणि तो ट्रॅफिक पोलिसासारखा मध्ये उभा होता. डोळे पडद्यावर. त्या वितभर पडद्यावर चौथी मात्रा, पहिली मात्रा असे आकडे उड्या मारत होते, आणि तो त्यांना डोळ्यांनी झेलत होता. स्टेजला आग लागली असती तरी आकडे थांबेपर्यंत त्याला कळलं नसतं.

पाण्याची बाटली स्पीकरवर, यंत्राच्या अगदी कडेला होती. संथ गाण्याआधी ती बाटली घ्यायला गेली. दोन घोट प्याली. बाटली ठेवताना करंगळीने बटण दाबलं. लाल दिवा लागला. बटणराव पुढच्या ठेक्याचा नंबर शोधत होता.

चुकलं तर ती बाई, विटा बसवणारी, आयुष्यभर आपल्या ओठांतून गात राहणार. चादरींच्या खोलीतून बाळाचं रडणं आल्यासारखं वाटलं. आलं नव्हतं, पण छातीत पान्हा भरून आला. पान्हा काही ठेका बघून येत नाही.

इंट्रो वाजला. तिने ध्रुवपद गायलं. संथ गाण्यात बटणरावाचा डावा हात पट्ट्यांवर असा पडून राहायचा, जसा सोफ्याच्या हातावर. आजही पडला होता. कडवं जवळ आलं. तिचा खांदा वर जायला लागला, आणि हॉलच्या दारातून मॅनेजर आला.

बटणरावाने डावा हात उचलून त्याला झोकात सलाम ठोकला.

सगळं थांबलं. ड्रम, गिटार, व्हायोलिनवाली मंडळी, सगळी एकदम. अख्खा हॉल एवढा शांत झाला की कुणाचा तरी काटा बशीवर ठेवल्याचा आवाज आला. बटणरावाचा हात कपाळापाशी तसाच राहिला. त्याने पडद्याकडे पाहिलं. आकडे नव्हते. पडद्यावर काही घडतच नव्हतं. मग, दुसरं काही बघण्यासारखं न उरल्यामुळे, त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

किती महिन्यांनी. त्याच्या डोळ्यांत नुसती घबराट होती, पण डोळे तिच्यावर होते.

तिने श्वास घेतला. घाई केली नाही. खांदा वर गेला, आणखी वर गेला, पोटापर्यंत हवा उतरली. गळ्यात पट्टे घातलेली माणसं माना वळवून बघत होती. खांदा खाली आला. ‘दूरवर…’ तिने शब्द सोडला, आणि तो हॉलच्या टोकापर्यंत एकटा, उघडा, चालत गेला. बटणरावाचा हात आपोआप पट्ट्यांवर पडला. यंत्र तिच्या मागून निघालं.

टाळ्या पडल्या तेव्हा त्यांतली एकही वेटरसाठी नव्हती.

“क्या बात है!” मॅनेजर स्टेजपाशी येऊन म्हणाला. “ती मधली जागा! ते थांबणं! अंगावर काटा आला, साहेब. दर रविवार तुमचा. पण ते थांबणं पाहिजे हं.”

“ते यातच आहे,” बटणराव यंत्रावर थाप मारून म्हणाला. “सगळं आहे यात.”

ती बाटलीचं झाकण लावत होती. झाकण दोनदा आडवं बसलं.

घरी आल्यावर बटणरावाने जाकीटही न काढता यंत्र मांडलं. सासूबाई बाळाला थोपटत होत्या. तासाभराने त्याने हाक मारली. “ये, ऐक! तुझी उसंत पक्की करून टाकली. कडव्याआधी बरोब्बर दोन मात्रा सगळं बंद, आणि मग आपोआप चालू. सेव्ह केलं. दर वेळी सेम टु सेम. आता मला हात उचलायला नको आणि बघायला पण नको.”

“दोन मात्रा?”

“मोजल्या मी. दोनच घेतल्यास तू आज. जरा जास्त होत्या, पण दोन धर.”

“आणि मला कधी तीन लागल्या तर?”

“तर दोनात भागव.” तो मनापासून म्हणाला. वाद घालत नव्हता. हिशोब सांगत होता. “आणि ते लाल बटण डेंजर आहे. चुकून लागतं. पोरगं परत आपटायचं.” त्याने कपाटाच्या वरच्या खणातून चिकटपट्टीचं रीळ काढलं. पांढरं, दवाखान्यातलं, तिच्या टाक्यांवरच्या पट्ट्या बदलून उरलेलं. एक तुकडा दातांनी तोडला आणि लाल बटणावर आडवा चिकटवला. वरून अंगठा दाबून फिरवला. मग जाकीट काढून, समाधानाने आंघोळीला गेला.

सासूबाई थोपटता थोपटता म्हणाल्या, “लहानपणी पण असाच होता. वाऱ्यावर फिरणारं भिरभिरं आणलं तर त्याला मोटर लावत बसला.” आणि जरा थांबून, “वारा असताना.”

बाळ झोपणार नव्हतं, म्हणून तिने त्याला उचलून मांडीवर घेतलं आणि यंत्रासमोर बसली. बाळाने ओळखीने पंजा ठेवला. ढम-टक, ढम-टक. हात उचलले.

ठेका चालूच राहिला.

बाळाने आपल्या हातांकडे पाहिलं. एकदा उजव्या, एकदा डाव्या. परत पंजा आपटला, परत उचलला. मग मान वर करून तिच्याकडे पाहिलं, हे काय असं विचारत. खालचा ओठ बाहेर यायला लागला.

तिने नखाने पट्टीची कड उचलली. ती सहज निघाली. तिच्या पोटावरून निघताना फार दुखायची. बटण दाबलं, लाल दिवा लागला. पट्टी तिने टाकून दिली नाही. आकडे उड्या मारायचे त्या पडद्यावर ती नीट, सपाट चिकटवली. एका पट्टीने पडदा झाकेना, म्हणून रीळ घेतलं आणि दातांनी दुसरी तोडली. मग तिसरी. न्हाणीघरातून पाण्याचा आणि शिट्टीचा आवाज येत होता, अगदी ठेक्यात.

सासूबाईंनी पाहिलं. उठून न्हाणीघराच्या दाराशी गेल्या. “अरे, सावकाश कर रे आंघोळ,” त्या म्हणाल्या. “घाई नाहीये कुणाला.”

शेवटची पट्टी बसली. पडद्यावर आता पांढऱ्याशिवाय काही दिसत नव्हतं. बाळाने पंजा ठेवला, उचलला. खोली गप्प झाली. दोन छोटे हात हवेत तसेच धरून ते तिच्या खांद्याकडे बघत राहिलं, आणि तिने श्वास घ्यायला सुरुवात केली.